लिंक काढली, फाईल तिथंच होती

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली इथं झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकावर माझ्या नावापुढं ‘वेबसाइटचं काम’ असं लिहिलंय. ते वाचून सकाळी एक मावशी मला म्हणाल्या, “बाई, हे पोरांचं काम. आम्हाला कशाला?” मीसुद्धा बरीच वर्षं हेच म्हणत होते. त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्या एका बाईनं मोजली. तिची गोष्ट आधी सांगते. तिला विचारून सांगते आहे. नाव, गाव, तालुका यातलं काही सांगणार नाही, आणि चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन कुणी विचारूही नका.

आमच्या संघटनेनं एक जनसुनवाई घेतली होती. बलात्काराच्या तक्रारी नोंदवून घेत नाहीत, नोंदवल्या तर तपास रेंगाळतो, म्हणून बायका स्वतःच बोलणार होत्या. ही बाई बोलली. आपल्या तक्रारअर्जाची प्रतही आमच्याकडं दिली. पुढं अहवाल झाला. त्यात सगळ्यांची नावं बदलायची, गावं काढायची, म्हणून आम्ही तीन रात्री जागून एकेक पान तपासलं. आणि इतकं करून, अहवाल आणि ‘बाकीचे कागद’ असा एक पेनड्राइव्ह ओळखीतल्या एका मुलाच्या हातात दिला. म्हटलं, वेबसाइटवर टाकून दे रे. त्या बाकीच्या कागदांत तिचा मूळ अर्ज होता, स्कॅन केलेला. फाईलच्या नावातच तिचं आडनाव आणि गाव होतं.

काही महिन्यांनी आमच्या लक्षात आलं. धावत फोन केला. पंधरा मिनिटांत त्याचा उलट फोन, “काढलं, ताई.” आम्ही पान उघडून पाहिलं, अर्जाची ओळ गेलेली होती. तिलाही कळवून टाकलं.

दोन वर्षांनी तिचा फोन आला. भावकीतल्या कुणीतरी मोबाईलवर तिचं नाव घालून शोधलं होतं, आणि तिच्या सहीसकट अर्ज समोर आला होता. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही तर काढलं म्हणाला होता.”

आता हे झालं कसं, ते समजून घेऊ. वेबसाइट म्हणजे आकाशात तरंगणारी वस्तू नाही. ती कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या फाईलींचा ढीग असतो. त्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात, आणि आपण तिथल्या जागेचं वर्षाचं भाडं भरतो. आपल्या हिंगोलीकडच्या भाषेत सांगायचं तर हळदीची पोती गोदामात ठेवल्यासारखं. पानावर जी ओळ दिसते, जिच्यावर बोट ठेवलं की फाईल उघडते, ती लिंक. लिंक म्हणजे पावती. त्या मुलानं पावती फाडली. पोतं गोदामातच राहिलं, आणि गोदामाला दार नव्हतं.

दार नव्हतं हे शब्दशः खरं आहे, बरं का. सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये ‘इंडेक्स’ नावाची फाईल नसली, आणि सर्व्हरची मांडणी तशी असली, तर त्या फोल्डरचा पत्ता टाकणाऱ्या कुणालाही आतल्या सगळ्या फाईलींची यादी दिसते. शोधयंत्रं अशा याद्या वाचत फिरत असतात. आमच्या फोल्डरची तशी यादी दिसत होती, आणि फाईलच्या नावात तर आम्हीच तिचं आडनाव लिहून ठेवलं होतं.

फाईल काढायची तर सर्व्हरवर जायला हवं. त्याला पासवर्ड हवा. पासवर्ड कुणाकडं? त्या मुलाकडं. मुलगा नोकरीला लांब गेलेला, नंबर बदललेला. होस्टिंगचं खातं त्याच्या ईमेलवर, म्हणजे कंपनीच्या लेखी मालक तोच. आम्ही कार्यालयाच्या भाड्याची पावती जपतो, बँकेत तिघींच्या सह्या ठेवतो, शिक्का कपाटात कुलपात असतो. आणि बायकांच्या आयुष्याचे कागद जिथं ठेवलेत त्याची किल्ली एका पोराच्या डोक्यात! त्याचा दोष मी देत नाही. त्यानं एक पैसा न घेता काम केलं होतं. आम्ही कधी मागितलीच नाही. त्याचा पत्ता लागून पासवर्ड हातात यायला अकरा दिवस गेले. ते अकरा दिवस तो अर्ज तिथंच उघडा पडून होता.

त्या अकरा दिवसांत मी एफटीपी शिकले.

एफटीपी म्हणजे फाईल ट्रान्स्फर प्रोटोकॉल. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याशी फाईलींची देवघेव कशी करायची, याचे ठरवून घेतलेले नियम. ते पहिल्यांदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिले अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा माणूस तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो ते तेव्हा जन्मायचं होतं. पुढं १९८५ साली नियमांची नवी आवृत्ती आली आणि तीच अजून चालते. इतकं जुनं आहे हे. म्हणून ‘आमच्या वयाला झेपणार नाही’ असं कुणी म्हणू नका, ते तुमच्या-माझ्या पिढीचंच आहे.

करायचं काय असतं? लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम घ्यायचा. फाईलझिला नावाचा फुकट मिळतो. त्यात चार गोष्टी भरायच्या: सर्व्हरचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड आणि पोर्टचा आकडा. जोडलं गेलं की पडद्याचे दोन भाग दिसतात. डावीकडं आपला कॉम्प्युटर, उजवीकडं सर्व्हर. डावीकडची फाईल उजवीकडं ओढली की ती वेबसाइटवर गेली. उजवीकडची डावीकडं ओढली की तिची प्रत आपल्याकडं आली. बहुतेक ठिकाणी उजवीकडं ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाचं फोल्डर असतं. त्याच्या आत जे ठेवाल ते चव्हाट्यावर, हे पक्कं ध्यानात ठेवा. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की हे ब्राउझरमधूनही करता येतं. आता येत नाही, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली.

मी पहिल्यांदा उजवी बाजू उघडली तेव्हा मला आपल्याच घराचा माळा पहिल्यांदा पाहिल्यासारखं झालं. ‘जुने’, ‘जुने २’, ‘फायनल’, ‘खरं फायनल’ अशी फोल्डरं. तिचा अर्ज एका ठिकाणी नव्हता, तीन ठिकाणी होता. एक मूळ, एक लहान केलेलं चित्र, आणि एक कुणीतरी साइटची नक्कल करून ठेवली होती त्यात. एकच काढून मी उठले असते तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून एकेक फोल्डर उघडून पाहिलं. आणखी दोघींचे कागद सापडले. त्यांचे फोन आले नव्हते एवढंच.

मग एक हाताला लागलेली गोष्ट. सर्व्हरवर कचऱ्याचा डबा नसतो. एफटीपीनं फाईल पुसली की गेली, मागं वळून उचलता येत नाही. आणि त्याच नावाची फाईल पाठवली तर जुनीवर नवी बसते. प्रोग्रॅम विचारतो, आपण घाईत ‘हो’ म्हणतो. मी तशी एका शिबिराची सगळी छायाचित्रं घालवली आहेत. त्यामुळं पुसण्याआधी सगळ्या साइटची प्रत डावीकडं ओढून घ्यायची, ती वेगळ्या पेनड्राइव्हवर, कुलपात. आणि नावं घालताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा, मधे जागा सोडू नका. बहुतेक सर्व्हर मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरतात. एक अक्षर चुकलं की फाईल असूनही सापडत नाही. माणसाचं नाव मात्र फाईलला कधीच द्यायचं नाही. आम्ही आता नुसते क्रमांक देतो, आणि कुठला क्रमांक कुणाचा ती वही कागदाचीच आहे.

साधं एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतं, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. वाटेत कुणीही वाचू शकतो. एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायवर तर नकोच. त्याऐवजी एसएफटीपी मागा. ते सगळं गुंडाळून पाठवतं आणि त्याचा पोर्ट २२ असतो. साध्या एफटीपीचा २१. होस्टिंग कंपनीला फोन करून विचारा, आणि ‘ते नाही मिळत’ म्हणाले तर दुसरी कंपनी पाहा.

पुसून झालं तरी काम संपलं नव्हतं. शोधयंत्राच्या निकालात नाव काही दिवस दिसतच राहिलं. तिथं ‘हे पान आता नाही’ असा अर्ज करावा लागतो. अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह म्हणून संस्था आहे, १९९६ पासून ती जगभरच्या साइटींच्या प्रती साठवते. त्यांनाही लिहावं लागलं. आणि भावकीतल्या माणसानं त्याच्या मोबाईलमध्ये उतरवून घेतलेली प्रत? तिच्यापर्यंत कुठलंच एफटीपी पोचत नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पुन्हा ‘काढलं’ म्हणायची माझी छाती नव्हती.

आता कायद्याचं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरेवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी न्यायालयाला उघडं पत्र लिहिलं, आणि त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. त्याच दुरुस्तीत २२८-अ हे कलम आलं: बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापायची नाही, छापली तर दोन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. २०१८ साली निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसतं नाव नव्हे, जिच्यावरून ती बाई कोण हे कळेल अशी कुठलीच माहिती द्यायची नाही. बाईनं स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. आमच्या बाईनं जनसुनवाईत बोलायला होकार दिला होता. इंटरनेटचा शब्दही आम्ही तिच्यापुढं काढला नव्हता.

म्हणजे आपल्याच चळवळीनं झगडून आणलेला कायदा आपल्याच वेबसाइटनं मोडला. (आणि मथुरेचं नाव तर आपण अजून सहज घेतो, मी आत्ताच घेतलं. तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला हल्ली सुटत नाही.)

आमच्याकडं आता असं आहे: खातं संघटनेच्या ईमेलवर. पासवर्ड तिघींकडं, आणि एक जण काम सोडून गेली की त्याच दिवशी बदलायचा. दर तीन महिन्यांनी, अंक छापायला गेला की, दोघींनी बसून उजवी बाजू पूर्ण उघडायची. काढायचं असेल ते दुसरीच्या डोळ्यांदेखत काढायचं, मग तिनं आपल्या मोबाईलवरून तो जुना पत्ता टाकून पाहायचा. ‘सापडत नाही’ असं आलं तरच वहीत सही.

ती बाई आमच्या बैठकांना येते. मागच्या वेळी सही करणारी दुसरी तीच होती.

चहा झाला की लॅपटॉप उघडू. सरावासाठी एक रिकामी साइट आणलीय, हवं तेवढं मोडा. इथं शाळेत रेंज खिडकीजवळच येते, तेव्हा ज्यांच्या मोबाईलचं नेट चालतं त्यांनी खिडकीकडं बसा. आणि त्या सकाळच्या मावशी, तुम्ही पहिल्या या.