घरगुती इन्व्हर्टर : तरंग पाहून निवड



विजेचा पुरवठा खंडित झाल्यावर दिवे आणि पंखे चालू ठेवणारा इन्व्हर्टर आज महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याला दीर्घ भारनियमन सोसावे लागले. त्या काळात शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावांतही हे साधन पोहोचले. पावसाळ्यातील बिघाड आणि वाहिन्यांची दुरुस्ती यांमुळे त्याची गरज अद्यापि टिकून आहे. खरेदीच्या वेळी ग्राहक साधारणतः तीन प्रश्न विचारतो : किंमत किती, दिवे-पंखे किती चालतील आणि किती तास चालतील? चौथा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या विजेच्या तरंगाचा आकार कसा आहे, हा तो प्रश्न होय. घरातील मोटारींचे आयुष्य आणि प्रसंगी रुग्णाची सुरक्षितता या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

विजेचा झोपाळा

बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहते. घरात येणारी वीज मात्र दिशा बदलत राहते. आपल्याकडे तिचा दाब २३० व्होल्ट आणि कंप्रता ५० हर्ट्झ असते, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण होतात. हा दाब एकदम बदलत नाही. झोपाळा मध्यावरून वेगाने जातो, टोकाशी मंदावतो, क्षणभर स्थिरावतो आणि अलगद परततो. विजेचा दाबही तसाच शून्यापासून चढत सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखरावर जातो आणि उतरून विरुद्ध दिशेला तेवढाच पोहोचतो. २३० हा आकडा या चढउताराचे परिणामकारक मूल्य दाखवितो. या डौलदार वक्राला गणितात ज्यावक्र आणि बाजारात साइन वेव्ह म्हणतात. घरातील पंखा, शीतकपाट, मिक्सर, पाण्याचा पंप ही सारी साधने याच तरंगासाठी घडविलेली असतात.

तीन प्रकारचे तरंग

बॅटरीच्या एकदिश विजेपासून दिशा बदलणारी वीज निर्माण करणे हे इन्व्हर्टरचे कार्य. त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दाब एका बाजूने पूर्ण लावावयाचा आणि ठरावीक क्षणी झटक्यात उलटा करावयाचा. यातून चौकोनी तरंग, म्हणजेच स्क्वेअर वेव्ह मिळतो. येथे झोपाळा झुलत नाही. कोणी तो एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हिसडावा, तसा प्रकार होतो. यंत्राची रचना साधी असल्याने किंमतही कमी पडते.

दुसऱ्या प्रकारात दिशा पालटताना दाब काही काळ शून्यावर थांबविला जातो. त्यामुळे तरंगाला पायऱ्या पडतात. बाजारात याला सुधारित साइन वेव्ह असे भारदस्त नाव आहे. वस्तुतः तो सुधारलेला चौकोनी तरंगच होय.

तिसरा प्रकार शुद्ध साइन वेव्हचा. यात इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. प्रत्येक स्पंदाची रुंदी आरंभी कमी, मध्ये अधिक आणि शेवटी पुन्हा कमी ठेवली जाते. पुढे वेटोळे आणि कपॅसिटर यांच्या गाळणीतून ही स्पंदने एकसंध होतात आणि महावितरणाच्या विजेसारखाच वक्र तयार होतो.

अनाहूत तरंगांची उष्णता

फ्रेंच गणिती जोझेफ फूर्ये यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णतेवरील ग्रंथात मांडलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. पुनःपुन्हा येणारा कोणताही वेडावाकडा तरंग हा अनेक शुद्ध तरंगांची बेरीज म्हणून मांडता येतो. ५० हर्ट्झच्या चौकोनी तरंगाची अशी फोड केल्यास मूळ तरंगाबरोबर त्याच्या एक तृतीयांश उंचीचा १५० हर्ट्झचा, एक पंचमांश उंचीचा २५० हर्ट्झचा असे पाहुणे तरंग निघतात. या सर्वांचे एकत्रित परिणामकारक मूल्य मूळ तरंगाच्या सुमारे ४८ टक्के भरते. पायऱ्यांच्या तरंगात शून्यावरील थांबा योग्य निवडला, तर १५० हर्ट्झचा पाहुणा नाहीसा करता येतो. तरीही सुमारे ३१ टक्के भेसळ उरतेच.

पंखा फिरविण्याच्या कामी हे पाहुणे उपयोगी पडत नाहीत. मोटारीच्या तांब्यात आणि लोखंडात त्यांची उष्णता होते, आणि पंख्याची जी घुरघुर रात्री ऐकू येते ती त्यांचीच खूण होय. दाब झटक्याने बदलत असल्याने पंख्याच्या कपॅसिटरमधूनही प्रवाहाचे धक्के जातात. बॅटरीत साठविलेल्या विजेचा काही अंश अशा रीतीने केवळ मोटार तापविण्यात खर्ची पडतो. शिवाय साध्या मापकावर विसंबता येत नाही. असे बहुतेक स्वस्त मापक साइन वेव्ह गृहीत धरून आकडा दाखवितात. चौकोनी तरंगाचा दाब ते सुमारे ११ टक्क्यांनी अधिक दर्शवितात.

कोणत्या घराला काय हवे?

याचा अर्थ चौकोनी तरंगाचे यंत्र सर्वथा त्याज्य, असा नव्हे. केवळ काही दिवे आणि मोबाइलचा चार्जर चालवावयाचा असेल, आणि त्या साधनांच्या उत्पादकाची हरकत नसेल, तर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला ते उपयुक्त ठरू शकते. परंतु रात्रभर पंखे चालणार असतील, शीतकपाट किंवा पंप जोडावयाचा असेल, तर शुद्ध साइन वेव्हसाठी मोजलेली अधिक रक्कम वाया जात नाही.

घरी रुग्ण असल्यास तडजोडीला जागाच नाही. प्राणवायू देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा झोपेत श्वसनाला साहाय्य करणारे यंत्र कोणत्या तरंगावर चालते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच इन्व्हर्टर निवडावा. तरंग शुद्ध असला, तरी बॅटरीची मर्यादा कायम राहते, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॉट-तास ऊर्जा असते. मिनिटाला ५ लिटर प्राणवायू देणारे यंत्र साधारणतः ३०० ते ३५० वॉट वीज घेते. म्हणजे हिशेबाने पाच-सहा तास. रूपांतरातील घट आणि बॅटरीचे वय जमेस धरता प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. म्हणून अशा घरी भरलेले ऑक्सिजन सिलिंडर राखीव असणे आवश्यक आहे.

बिलावर लिहून घ्या

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. त्याचा उपयोग येथे करता येईल. खोक्यावरील मोठ्या अक्षरांतील नाव वाचून न थांबता, बाहेर येणारा तरंग शुद्ध साइन, पायऱ्यांचा की चौकोनी, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. घरी जोडणी झाल्यावर आणखी एक सोपी परीक्षा आहे. वीज असताना बहुतेक घरगुती इन्व्हर्टर महावितरणाचीच वीज पुढे पाठवितो. तेव्हा एकच पंखा, एकाच वेगावर, प्रथम मुख्य विजेवर आणि मग बॅटरीवर चालवून पाहावा. बॅटरीवर जाताच घुरघुर स्पष्टपणे वाढली, तर तरंगाविषयी शंका घेण्यास जागा आहे.

वॉटचा आकडा वीज किती मिळेल ते सांगतो. ती कशी मिळेल हे तरंगाचा आकार सांगतो. या दोहोंची माहिती घेऊन केलेली खरेदी घरातील साधनांचे आणि कष्टाच्या पैशाचे रक्षण करील, आणि जेथे रुग्णाचा श्वास यंत्रावर अवलंबून आहे तेथे ती त्याहूनही मोठे मोल राखील.