आधी प्रत, मग दुरुस्ती



कार्यालयाचे दप्तर पूर्वी फडक्यात बांधून कपाटात ठेवले जात असे. आज त्याचा मोठा भाग संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये असतो. ही डिस्क नादुरुस्त झाली तर तिच्यातील आभासी संगणक परत कसा मिळवावा, याविषयी मी आपणांशी थोडे बोलणार आहे.

आभासी संगणक म्हणजे एका संगणकात आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक होय. विंडोज एक्सपी या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. परंतु तिच्यावरच चालणारी एखादी जुनी आज्ञावली अशा आभासी संगणकात आजही चालविता येते. या संगणकाची सारी डिस्क बहुधा एकाच मोठ्या फाइलच्या रूपात असते. व्हीएमवेअरमध्ये तिला व्हीएमडीके, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीडीआय म्हणतात. वर्षानुवर्षांच्या नोंदी अशा एकाच फाइलमध्ये सामावलेल्या असतात. म्हणूनच तिची काळजी अधिक घ्यावी लागते.

हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. माहिती वाचणारे शीर्ष त्यांच्यापासून अत्यल्प अंतरावर तरंगत असते. ते तबकडीला घासले तर चुंबकीय थर खरवडला जातो. यास्तव डिस्कमधून टकटक असा आवाज येताच वीज बंद करावी. ती पुनःपुन्हा चालू करून पाहू नये, उघडू तर मुळीच नये. ते काम धूळविरहित कक्ष असणाऱ्या तज्ज्ञांचे आहे.

आवाज नाही, केवळ वाचनात अडथळे येत आहेत, अशा वेळी डिस्क दुसऱ्या संगणकास जोडावी. तिच्यावर दुरुस्तीची आज्ञा चालवू नये आणि आभासी संगणकही सुरू करू नये. कारण या दोन्ही कृतींत डिस्कवर नवे लेखन होते. प्रथम जीएनयू डीडीरेस्क्यू या मोफत आज्ञावलीने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या, पुरेशा मोठ्या डिस्कवर घ्यावी. ही आज्ञावली सुस्थितीतील भाग आधी वाचते, अवघड भाग मागे ठेवते आणि कामाची नोंद ठेवते. त्यामुळे थांबलेले काम तेथूनच पुढे नेता येते. यानंतरचे सर्व प्रयत्न प्रतीवरच करावेत.

आभासी संगणक सुरू झाला नाही म्हणजे सर्व गेले, असे समजू नये. त्याची फाइल दुसऱ्या चांगल्या आभासी संगणकास जादा डिस्क म्हणून, केवळ वाचनापुरती जोडावी आणि आतील कागदपत्रे उतरवून घ्यावीत. डिस्कवरील एक खंड ५१२ किंवा ४०९६ बाइटचा असतो. तो वाचता आला नाही तर बहुधा तेथील मजकुराचीच हानी होते. मात्र फाइलींची सूचीच त्या जागी असेल तर नुकसान वाढते. पूर्वी 'स्नॅपशॉट' घेतला असल्यास नंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठतात. म्हणून संपूर्ण फोल्डर घ्यावा. मिळालेली प्रत्येक नोंद उघडून तपासावी. फाइल उघडली तरी मधला मजकूर रिकामा असू शकतो.

हे सारे संकटानंतरचे उपाय झाले. त्यापूर्वीच आभासी संगणक रीतसर बंद करून त्याच्या प्रती घ्याव्यात. मूळ धरून तीन प्रती असाव्यात; त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी इमारतीबाहेर असावी. हे काम कोणी व केव्हा करावयाचे ते लेखी ठरवावे आणि अधूनमधून प्रत सुरू करून पाहावी. जन्ममृत्यूची नोंद असो वा विद्यार्थ्याचा दाखला, तो ज्याचा आहे त्या माणसास त्याची गरज केव्हा लागेल हे आपणांस ठाऊक नसते. त्याच्यासाठी एवढी दक्षता आपण घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.