चिलखताचा सांधा

युरोपातील संग्रहालयांत रणक्रीडेची चिलखते पाहावयास गेलेला आपला प्रवासी सोनेरी मुलाम्यापाशी व कोरीव वेलबुट्टीपाशी रेंगाळतो आणि कोपराच्या सांध्याकडे ढुंकूनही न पाहता पुढच्या दालनात जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्या कारागिरांची खरी विद्या सांध्यात आहे.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठी ग्रीनिचच्या शाही कारखान्यात १५२० साली पायी लढावयाच्या द्वंद्वाकरिता घडविलेले चिलखत पाहा. तुकडे २३५, वजन ४२ किलोंच्या वर. कोपराच्या खळीत व गुडघ्याच्या लवणीत, जेथे एरवी कड्यांच्या जाळीवर भागविण्याचा शिरस्ता होता, तेथेही अरुंद पोलादी पट्ट्या अशा बेताने बसविल्या आहेत की, अंग दुमडताना त्या एकमेकींखाली सरकाव्यात आणि सरळ होताना मध्ये फट पडू नये.

हे काम चालू असतानाच, ज्या सामन्यासाठी ते चालले होते त्याचे नियम फ्रेंचांनी बदलले, पोलादी घेर असलेले चिलखत आवश्यक ठरले, आणि जुन्या भागांची जुळवाजुळव करून दुसरेच घाईने उभे करावे लागले. पहिल्यावर ना झिलई चढली, ना नक्षी. हातोडीच्या खुणा मात्र शाबूत राहिल्या, हे आपले भाग्य!

पुण्याच्या तांबट आळीत हंडा मठारताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या खुणा परक्या वाटणार नाहीत. त्या ठोक्यांना आपण शोभा समजतो, पण त्यांनीच पत्र्याला कठीणपणा येतो. आणि जाडी कोठे राखावी, कोठे उतरवावी, हे तांबटाचा हात जाणतो, तसेच चिलखतकारही छातीवर पोलाद जाड ठेवून बगलेकडे ते पातळ करीत जातो. परंतु हंड्याला चालावयाचे नसते; या भांड्यात माणूस उभा राहून परशू उगारणार असतो, म्हणून पुन्हा सांगतो, नक्षी मागाहून पाहा, आधी सांधा पाहा.

घोड्यावरील भाल्यांच्या सामन्यात न्याय उलटा. स्वार कठड्याच्या दोहों बाजूंनी एकमेकांच्या डाव्या अंगाने दौडत, म्हणून डाव्या खांद्यावर व छातीवर जादा तक्ते स्क्रूंनी जखडीत. तेथे सांधा हलू न देणे हीच कारागिरी. डोळ्यांसमोरील फटीचा हिशेब याहून बिकट. १५५९ साली भाल्याच्या कपच्या जिरेटोपात शिरून फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री प्राणास मुकला.