माजी सैनिकांच्या सोबतीला : वर्तनोपचार साहाय्यकाचे कार्य आणि त्याची पात्रता
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वैद्यक, अभियांत्रिकी वा सनदी सेवा या वाटांची ओळख पालकांना करून द्यावी लागत नाही. आजचा विषय त्या मानाने अल्पपरिचित आहे : निवृत्त सैनिकांच्या मानसिक उपचारांत तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणारा मान्यताप्राप्त वर्तनोपचार साहाय्यक.

वर्तनोपचाराचा आणि सैनिकाचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात डॉक्टर असलेले जोसेफ वोल्पे यांच्याकडे युद्धाच्या धसक्याने खचलेले सैनिक उपचारासाठी येत. औषधाने गुंगी आणून आठवणी बोलत्या करायच्या, हा तेव्हाचा उपाय फारसा टिकाऊ नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी वेगळी पद्धत घडवली. रुग्णाला आधी शरीर सैल सोडण्यास शिकवायचे आणि मग भीतीच्या प्रसंगाकडे एकेक पायरीने न्यायचे, असे तिचे स्वरूप होते. तिचे विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या यातना पाहून अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकाराला आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले.

भारतीय जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. बिगुलावर उठणारा, पलटणीत वावरणारा माणूस एकाएकी अशा घरात येतो, जिथले दिनक्रम त्याच्यावाचून बसलेले असतात. प्रत्येकाला विकार जडतो असे मुळीच नाही. बहुतेक जण नव्या आयुष्यात उत्तम रुळतात. परंतु काहींची झोप उडते, फटाक्याच्या आवाजाने अंगाला कंप सुटतो, गर्दीचा बाजार टाळला जातो, चिडचिड वाढते, संध्याकाळ मद्याच्या आधाराने ढकलली जाते. शिस्तीत वाढलेला माणूस ही व्यथा सांगत नाही आणि घरचे लोक तिला ‘स्वभाव’ म्हणून मोकळे होतात.

निदान आणि औषधयोजना मनोविकारतज्ज्ञ करतो, उपचाराची आखणी मानसशास्त्रज्ञ करतो. त्यांची भेट आठवड्यातून तासभर झाली, तरी उरलेला आठवडा रुग्णाला जगायचाच असतो. ती आखणी रोजच्या जगण्यात उतरवणे हे साहाय्यकाचे काम. तो झोपेची नोंदवही ठेवायला शिकवतो. फिरणे, बागकाम, मुलांचा अभ्यास अशा कृतींचे वेळापत्रक रुग्णाबरोबर बसून तयार करतो. बाजाराची भीती असेल, तर पहिल्या दिवशी सकाळच्या निवांत वेळी एकाच दुकानापर्यंत जायचे, धडधड ओसरेपर्यंत तेथेच थांबायचे आणि परतायचे. पुढची पायरी त्यानंतर. हे काम दिसायला साधे आहे. पण घाई केली तर भीती दुणावते आणि दयेपोटी पायरी गाळली तर ती तशीच राहते. त्यासाठी प्रशिक्षण लागते.

या प्रशिक्षणाला कायद्याची चौकट आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतील वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, मनोसामाजिक कार्यकर्ते यांच्याबरोबर मानसिक आरोग्य साहाय्यकर्मीचाही समावेश आहे. या कायद्यानुसार सहयोगी व्यावसायिकाच्या पदविकेचे अथवा पदवीचे शिक्षण किमान २००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांत विभागलेले असावे लागते. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांची अट आहे. तेव्हा आठवड्या-पंधरवड्यात हाती पडणाऱ्या चकचकीत प्रमाणपत्रावर पालकांनी विसंबू नये. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता, अभ्यासक्रमाचे तास, प्रत्यक्ष रुग्णसेवेची सोय आणि पुढे होणारी नोंदणी या चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात.

ही मान्यता केवळ नोकरीचा परवाना समजली जाऊ नये. अस्वस्थ माणसाला समोरच्याची पात्रता पारखता येत नाही. त्याच्या वतीने ती कोणीतरी आधीच पारखलेली असते, हा मान्यतेचा खरा अर्थ. म्हणूनच आपली मर्यादा ओळखणे हे या व्यवसायातले पहिले कौशल्य होय. साहाय्यक औषध बदलत नाही, निदान सांगत नाही, आखलेल्या पायऱ्या स्वतःच्या मताने फिरवत नाही. रुग्णाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावला, तर तो त्याच क्षणी तज्ज्ञाला कळवतो. एरवी ऐकलेला शब्द तो बाहेर नेत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. वसाहतीत वा कॅन्टीनच्या रांगेत फुटलेली एक गोष्ट वर्षभराचा विश्वास घालवू शकते.

या सेवेला आधार देणाऱ्या संस्था देशात आहेत. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे आणि तिची बहुसेवा चिकित्सालये ठिकठिकाणी आहेत. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांना आसरा देत आहे. तेथे शरीराबरोबर मनही सावरावे लागते. ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी माध्यम जपणाऱ्या शाळेत हा विषय मांडण्यास आणखी एक कारण आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आणि महार रेजिमेंटचे सागरला, म्हणजे दोन्ही आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर आहेत. मराठी बोलणारा जवान देशभर नोकरी करतो आणि कोठेही स्थायिक होतो. त्याने हुकूम हिंदीत ऐकले, अहवाल इंग्रजीत पाहिले. पण ‘जीव घाबरा होतो’, ‘काळजात चर्र होते’, ‘कशात मन लागत नाही’ हे त्याला आईच्या भाषेतच सांगता येते. या तिन्ही वाक्यांतला फरक कळणारा आणि तो तज्ज्ञापर्यंत अचूक पोहोचवणारा माणूस त्याच्यापाशी असेल, तर उपचाराची दिशा चुकत नाही. अशी माणसे घडवण्याचे निम्मे शिक्षण मराठी शाळांतून आधीच होत असते. उरलेले निम्मे मान्यताप्राप्त संस्थेत जाऊन घेण्यास या शाळेतील काही मुलांनी पुढे यावे आणि त्यांच्या पालकांनी हे काम डॉक्टरकीपेक्षा उणे मानू नये, एवढीच या प्रसंगी अपेक्षा आहे.