कोपराचा सांधा आणि मोडलेले हाड
(बुऱ्हाणपूर येथील महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य कारकुनी करण्यात गेले. परंतु या विषयावर बोलण्याचा अधिकार मला माझ्या उजव्या कोपराने दिला आहे.

तीन वर्षांपूर्वी एका श्रावणी सोमवारी ताप्तीच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि देहाचा सारा भार टेकलेल्या तळहातावर आला. कोपर मागे सरकून निखळले. एका हाडवैद्याने हिसका देऊन ते बसविले आणि पुढे महिनाभर गरम तेलाचे मर्दन चालले. क्ष-किरण छायाचित्र काढावे हे कोणास सुचले नाही. मलाही सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. अखेरीस हात काटकोनापुढे वाकेना. आचमनाचे पाणी ओठांपर्यंत पोहोचेना. सौभाग्यवतीने घास भरवावा, अशी वेळ आली.

मग छायाचित्र काढले. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचा माथा दुभंगला होता. करंगळीच्या बाजूच्या हाडाला पुढून आकड्यासारखे टोक असते, तेही तुटले होते. निखळलेला सांधा आणि हे दोन अस्थिभंग एकत्र आले, की त्यास 'भयंकर त्रयी' म्हणतात. अमेरिकन शल्यविशारद हॉचकिस यांनी १९९६ साली हे नाव रूढ केले. नुसते निखळलेले कोपर बसविल्यावर बहुधा जागेवर राहते. येथे मात्र अडसरच मोडलेला असतो, म्हणून ते पुन्हा सरकते.

सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा आणि हाडे मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. कोपराच्या मर्मावर आघात झाल्यास हातास व्यंग येते, हेही तेथे आहे. त्या आचार्यांपाशी क्ष-किरण नव्हते. ते १८९५ साली राँटगेन यांनी शोधले. आमच्यापाशी असून आम्ही ते वापरले नाहीत!

असा प्रसंग आल्यास हात ओढू नये, चोळू नये. आहे त्याच स्थितीत फळी व झोळीचा आधार देऊन रुग्णालय गाठावे. बोटे गार किंवा पांढरी पडली, बधिर झाली, तर क्षणाचाही विलंब नको. तेथे मनगटाची नाडी व बोटांची संवेदना पाहून, छायाचित्र काढून, गुंगी देऊन सांधा बसवितात. अस्थिभंग लहान असून सांधा स्थिर असेल, तर थोडे दिवस आधारपट्टी पुरते. नसेल तर शस्त्रक्रिया: तुटलेले टोक जोडणे, माथ्यास स्क्रू लावणे, त्याचा चुराच झाला असल्यास धातूचा माथा बसविणे, आणि फाटलेले अस्थिबंध हाडाशी पुन्हा शिवणे. त्यानंतर वैद्यकीय देखरेखीखाली लवकर हालचाल सुरू करतात, कारण तीन आठवड्यांहून अधिक काळ जखडलेले कोपर सहसा ताठरते. मर्दनाने व जबरीने वाकविल्याने मात्र स्नायूंत नवे हाड धरण्याची भीती असते.

पुढे इंदुरास शस्त्रक्रिया करून माझा सांधा मोकळा केला. हात पूर्ण सरळ होत नाही. पण तीर्थ आता उजव्या हाताने घेता येते.