पडदा कुणाचा, आवाज कुणाचा?

(कंधार येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

कॉलेजच्या दिवसांत मी याच गावात एका केबलवाल्याकडे कामाला होतो. पावसात खांबावर चढून तुटलेली वायर जोडायची आणि महिन्याच्या सुरुवातीला घरोघर फिरून पैसे गोळा करायचे, एवढेच माझे काम. त्या केबलवर एक लोकल चॅनेल चालायचे. हाजी सय्याह दर्ग्याचा उरूस, बाजारातले भाव, हरवलेले लेकरू, नळाला पाणी कधी येणार, सगळे त्यावर दिसायचे. एकदा आमच्या मोहल्ल्यात पंधरा दिवस पाणी नव्हते. आम्ही कॅमेरा घेऊन गेलो, बायकांनी रिकाम्या घागरी दाखवल्या आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला.

पुढे सेट-टॉप बॉक्स आले. २०१७ च्या सुमारास खेड्यापाड्यांतली केबलही डिजिटल झाली. सिग्नल शहरातल्या मोठ्या कंपनीकडून येऊ लागला. तिच्या यादीत जागा मिळवायची तर चॅनेलवाल्याने पैसे मोजायचे. आमच्या मालकाला ते झेपले नाही. घरोघरी शेकडो वाहिन्या आल्या, पण कंधारचे चॅनेल गेले. त्यानंतर पाणी आले नाही तर कॅमेरा आणणारे कुणी उरले नाही.

म्हणून आज मला मालकीबद्दल बोलायचे आहे. बातमी कोण वाचतो हे आपण पाहतो. ती कुणाच्या घरातून येते हे फारसे विचारत नाही.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. क्रिकेटचे सामने कुणी दाखवायचे, एवढाच मूळ वाद होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या खंडपीठात होते. न्यायालयाने सांगितले की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे आणि सरकार किंवा कुठल्याही एका गटाची त्यांच्यावर मक्तेदारी नसावी. म्हणजे वाहिनीचा मालक कुणीही असो, ज्या लहरींवर ती चालते त्यात तुमचा-माझाही हिस्सा आहे.

मग नियम काय आहेत? काही आहेत, आणि ते लावले की परिणाम होतो. २००३ मध्ये सरकारने ठरवले की बातम्यांच्या वाहिनीत परदेशी भांडवल २६ टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यामुळे स्टारला भारतीय भागीदार घ्यावा लागला. तो भागीदार म्हणजे कोलकात्याचा एबीपी समूह. २००७ मध्ये सुरू झालेली 'स्टार माझा' २०१२ मध्ये 'एबीपी माझा' झाली, ती स्टार या भागीदारीतून बाहेर पडल्यामुळे. रोज रात्री पाहिल्या जाणाऱ्या वाहिनीच्या नावामागेही मालकीची गोष्ट असते.

पण एकाच घराकडे वर्तमानपत्र, वाहिनी, वेबसाइट आणि वर मोठा उद्योग, हे सगळे किती असावे, याला आपल्याकडे सर्वसाधारण मर्यादा नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००९ मध्ये यावर शिफारशी केल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये पुन्हा केल्या: एकाच भाषेच्या बाजारात वर्तमानपत्र आणि वाहिनी दोन्हींवर एकाच घराचे वर्चस्व नको, राजकीय पक्ष आणि धार्मिक संस्था प्रसारणात नकोत, उद्योगसमूहांच्या प्रवेशावर बंधन हवे. २०२२ मध्ये ट्रायने याच विषयावर पुन्हा लोकांची मते मागवली. नियम अजून झालेला नाही. उलट खासगी एफएममध्ये एका कंपनीकडे देशातल्या १५ टक्क्यांहून जास्त वाहिन्या नकोत, अशी मर्यादा होती. २०२२ मध्ये तीही काढली.

या काळात काय घडले ते पाहा. २०१४ मध्ये नेटवर्क१८ रिलायन्सकडे गेले. २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि 'कलर्स मराठी' व 'स्टार प्रवाह' एका छताखाली आल्या. राजकारणाशी नाते असलेल्या घराण्यांचे माध्यमसमूह तर महाराष्ट्राला जुनेच आहेत. यात बेकायदा काही नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आता आपल्या काळजातली गोष्ट. एप्रिल २०२० मध्ये पडद्यावर दिवसरात्र तबलीगी जमातच होती. आमच्या गल्लीतला एक जण हातगाड्यावर केळी विकायचा. वीस वर्षांच्या गिऱ्हाईक बाईंनी त्याला सांगितले, "भाऊ, काही दिवस आमच्याकडे येऊ नका." त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांना घाबरवले होते.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांनी निकालपत्रात नोंदवले. त्या रात्री मी वाहिन्यांमागून वाहिन्या बदलत होतो. मला तो निकाल खाली सरकणाऱ्या पट्टीतच दिसला. केळीवाल्याच्या गिऱ्हाईक बाईंपर्यंत तो बहुधा पोचलाच नाही.

मात्र स्वतःची फसवणूक करू नका. मालक अनेक झाले की द्वेष संपेल, असे नाही. लहान वाहिन्याही विष विकतात. मालक अनेक असले तर एकाने दाबलेली बातमी दुसऱ्याकडे सापडण्याची शक्यता राहते, एवढेच. आणि ज्या मोबाइलवर आपण विसंबतो, त्यातले व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम तिन्ही एकाच कंपनीचे आहेत.

मग करायचे काय? ट्रायने मते मागवली की कुणीही लिहू शकतो. कंपन्या वकिलांकरवी लिहितात, आपण लिहीतच नाही. दुसरे, एखाद्या कार्यक्रमात समाजावर हल्ला झाला तर शिव्या देत तो फॉरवर्ड करू नका, त्याने त्याचाच प्रसार होतो. तारीख, वेळ आणि वाक्य लिहून ठेवा आणि आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जा. केबल नियमांतल्या कार्यक्रम संहितेत धर्मांवर आणि समाजांवर हल्ला करायला मनाई आहे. हेच कलम दुसऱ्या कुणाच्या धर्मावर हल्ला झाला तरी वापरा, नाहीतर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही. तिसरे, गावातला जो पत्रकार प्रामाणिक आहे, त्याच्या अंकाची वर्गणी भरा.

१९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत त्यांच्या माणसांना जागा नव्हती. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार मारले, कारण त्यांनी उर्दूतून रझाकारांविरुद्ध लिहिले. कंधार तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होते. आपली परंपरा ही आहे.

आणि त्या टँकरची आठवण ठेवा. पाणी आले, कारण कॅमेरा गावातल्या माणसाच्या हातात होता. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. मोहल्ल्यातली पुढची बातमी तुम्ही करा. मात्र खात्री करून, नावानिशी, आणि शेजारच्या गल्लीचीही.