दाणा आधी निवडावा, मगच वाटावा
हिवाळ्यातील घरगुती आहाराविषयी जामुल येथील कुटुंबांसाठी व्याख्यान



1956 पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे 1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. रोजगारासाठी देशाच्या अनेक भागांतून माणसे या परिसरात आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या स्वयंपाकघरात भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि दाण्याची आमटी यांच्या जोडीला येथील फरा, चिला आणि लाल भाजीही आली. या दोन्ही परंपरांना सांधणारा हिवाळ्यातील एक पदार्थ म्हणजे शेंगदाणा, म्हणजेच आपली फल्ली.

आज मुले पोळीला लावण्यासाठी पीनट बटर मागतात. त्यात परके असे काही नाही. आपण करतो तेच दाण्याचे कूट अधिक वेळ वाटले की त्याला तेल सुटते आणि त्याचे पीनट बटर होते. ते घरी अवश्य करावे आणि आनंदाने खावे. मात्र त्यापूर्वी एक काम कधीही टाळू नये. ते म्हणजे दाणे निवडणे.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. त्यातील स्निग्ध पदार्थांमुळे थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत तेलबिया व कवचफळांना रोजच्या ताटात स्थान दिलेले आहे. मोठ्या माणसाला दिवसाला एक लहान मूठ, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम दाणे किंवा दोन चमचे पीनट बटर पुरेसे आहे. पदार्थ पौष्टिक असला तरी त्यात ऊर्जा पुष्कळ असते, हे विसरू नये.

न निवडलेल्या दाण्यांचा धोका

शेंगा ओलसर राहिल्या, पावसात भिजल्या किंवा दमट जागी साठवल्या, तर त्यांवर बुरशी धरते. तिच्या काही जातींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष असल्याचे पुढे सिद्ध झाले. आपल्या देशातही 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. हे विष थोड्या प्रमाणात दीर्घकाळ पोटात जात राहिले, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांना कावीळ ‘ब’चा दीर्घकालीन संसर्ग आहे, त्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो.

दाणे भाजले की सर्व दोष जातो, असा समज आहे; तो चुकीचा आहे. घरगुती भाजण्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. धुतल्याने किंवा उन्हात ठेवल्यानेही तयार झालेले विष निघून जात नाही. शिवाय अखंड दाण्याचा दोष डोळ्यांना दिसतो, कुटाचा दिसत नाही. म्हणूनच निवडण्याची वेळ वाटण्यापूर्वीची आहे.

दाणे परातीत पसरून उजेडात पाहावेत. बुरशी लागलेले, काळपट किंवा हिरवट पडलेले, सुरकुतलेले आणि किडलेले दाणे बाजूला काढावेत. भाजल्यावर एखादा दाणा कडू किंवा खवट लागला, तर तो गिळू नये. अशा दाण्यांचे प्रमाण जास्त असेल, तर सगळेच दाणे टाकून द्यावेत. हे नुकसान सोसावे. टाकाऊ दाणे दारात आलेल्या गाईला किंवा कोंबड्यांना घालू नयेत. कोंबड्यांना त्यांची बाधा होते, आणि गाईच्या पोटात गेलेल्या विषाचा अंश तिच्या दुधातून पुन्हा आपल्याच मुलांच्या पेल्यात येतो.

शक्यतो कोरड्या, टणक शेंगा आणाव्यात आणि लागतील तशा सोलाव्यात. सोललेले दाणे घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवावेत.

घरचे पीनट बटर

निवडलेले दाणे कढईत मंद आचेवर, साल सुटेपर्यंत भाजावेत. पूर्ण गार झाल्यावर हाताने चोळून सुपात पाखडावेत. मिक्सरच्या भांड्यात थांबत थांबत वाटावेत. आधी कूट होते, मग त्याचा गोळा बनतो आणि शेवटी तेल सुटून ते मऊ होते. यात पाणी मुळीच घालू नये. साखरेची गरज नाही; मीठ घातलेच तर चिमूटभर. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून ते थंड जागी ठेवावे, कोरड्याच चमच्याने काढावे आणि थोड्या थोड्या प्रमाणातच करावे. वर तेल तरंगले तर ढवळून घ्यावे. तो दोष नव्हे. बाजारातून विकत घेताना घटकांची यादी वाचावी. साखर, मीठ आणि वनस्पती तूप जितके कमी, तितके चांगले.

हे पीनट बटर केवळ पोळीला लावण्यासाठी नाही. चमचाभर घेऊन आमटीत कालवावे, लाल भाजीत शेवटी घालावे किंवा लसूण-मिरचीसह चटणी करून गरम फऱ्याबरोबर वाढावे. थंडीत घरातील सर्वांनी एकत्र बसून गरम जेवण घेणे हेही आरोग्याचेच काम आहे.

लहान मुलांची काळजी

पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे किंवा तुकडे केलेले दाणे देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकतात. दाणे खाताना मुलाला ठसका लागला आणि नंतर खोकला थांबला, तरी श्वासाला घरघर किंवा धाप असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घशात बोट घालून दाणा शोधू नये. त्याने तो आणखी आत जातो. सहा महिन्यांनंतर बाळाला पीनट बटर द्यायचे असल्यास ते पातळ करून पेजेत मिसळावे. घट्ट गोळा देऊ नये. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, वारंवार उलटी होणे किंवा श्वास लागणे ही लक्षणे दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी साखर व मीठ न घातलेलेच पीनट बटर घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

निवडण्याचे काम एकट्या गृहिणीवर सोपवू नये. संध्याकाळी परात मध्ये ठेवून घरातील मोठ्या माणसांनी मिळून दाणे निवडावेत. शाळकरी मुलांनाही वाईट दाणा कसा ओळखावा ते शिकवावे. दहा मिनिटांचे हे काम घरातील प्रत्येकाच्या यकृताचे रक्षण करते.